पलंगाचं टेबल

सोनिया आमच्याकडं भाड्यानं राहायला आली तेव्हा तिच्याजवळ एक पत्र्याची पेटी, गॅसची लहान शेगडी आणि पाण्याच्या कळश्या, एवढंच सामान होतं. आमचं घर गारखेड्यात. वर आम्ही राहायचो आणि खाली रस्त्याच्या अंगाला एक खोली होती, ती भाड्यानं द्यायचो. माझ्या सासूबाई मुक्ताबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणायचे, भाडेकरू फार पारखून घ्यायच्या. एकटी बाई ठेवायची त्यांची तयारी नव्हती.

"नवरा कुठाय तुजा?" त्यांनी दारातच विचारलं.

"पुण्याला."

"मग तू हितं कशाला?"

"त्यानं तिथं दुसरं घर केलंय, काकू." एखाद्याची बदली झाल्याचं सांगावं तशी ती बोलली.

आत्याबाईंनी कमरेची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. पाणी कधी येतं, टाकी कुठं आहे, एवढंच सांगितलं. त्यानंतर नवऱ्याबद्दल पुन्हा त्यांनी तिला कधी काही विचारलं नाही.

सोनिया चितेगावच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. सकाळी कंपनीची बस नाक्यावर यायची, ती डबा घेऊन निघायची आणि अंधारायच्या आत परत यायची. तिचं माहेरही चितेगावच्या पुढं, पैठण रस्त्यापासून आत गेलं की. वडील अप्पाराव गायके, गावात मोसंबीची बाग राखून असलेले. आई लवकर गेली. भाऊ जालन्याला. गोकुळशी तिचं लग्न झालं तेव्हा तो वाळूजला फिटर होता. मूलबाळ झालं नाही. पुढं गोकुळ पुण्याच्या कंपनीत गेला, आधी दर आठवड्याला यायचा, मग महिन्यानं, मग सणाला, आणि मग आलाच नाही.

"भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, वहिनी," ती एकदा मला म्हणाली. "भांडायला तरी माणूस समोर लागतो."

ते साल दुष्काळाचं होतं. बारा सालचा पाऊस नुसता हूल देऊन गेला होता. दिवाळीलाच विहिरींचे तळ दिसायला लागले. आमच्या नळाला पाणी आलं की गल्लीत लग्नघरासारखी धावपळ व्हायची. दुसरीकडं शहर मात्र वाढतच होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला बंगले पाडून मोठ्या इमारती उठत होत्या आणि त्यांच्या बांधकामाला टँकरवर टँकर येत होते.

अशात एका दुपारी आमच्या दारासमोर एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरच्या शेजारून एक म्हातारे गृहस्थ उतरले. पांढरं धोतर, डोक्याला पटका. ते सोनियाचे सासरे, नानासाहेब. टेम्पोत दोरीनं बांधलेला एक मोठा लाकडी पलंग होता. सोनियाची त्या दिवशी सुट्टी होती. ती बाहेर आली, त्यांना बघून तिनं पदर सारखा केला आणि वाकून पाया पडली.

"मामा, हे कशाला आणलं?"

"तुजं तुला आणलं, माय." नानासाहेब पलंगाकडं बघत म्हणाले. "तुज्या बापानं दिलेलं. आमच्या घरात ते ठिवायचा आता आमाला हक नाय."

पलंग खोलीत नेताना ड्रायव्हरचा जीव मेटाकुटीला आला. आत्याबाई वरून बघत होत्या. "इवढा पलंग कुठं ठिवणार गं?" त्या ओरडल्या. सोनियानं तांब्या भरून आणला. नानासाहेबांनी हातानंच नको म्हटलं.

"एक घोट तरी घ्या."

"पाणी नको. तुलाच लागंल ते." मग म्हणाले, "पोरगं माजं हाय, पण ह्यात मी नाय, इवढं धेनात ठिव."

टेम्पो वळून गेला तरी सोनिया तांब्या हातात धरून उभी होती.

त्या पलंगाची गोष्ट मला तिच्याकडून पुढं कळली. तिच्या वडिलांच्या शेताच्या बांधावर एक जुना लिंब होता. लग्न ठरल्यावर अप्पारावांनी तो तोडला आणि गावच्या सुताराकडून पलंग करून घेतला. दुकानातला पलंग द्यायचा नाही, आपल्या रानातलं लाकूड द्यायचं, असा त्यांचा हट्ट. डोक्याकडची फळी एकसंध, रुंद, आणि तिच्यावर वेलीच्या नक्षीत दोन नावं कोरून लाल रंग भरलेला: सोनिया, गोकुळ.

सुरुवातीला तिनं तो पलंग मांडला. सगळी खोली त्यानंच भरली. दारातून शेगडीपाशी जायचं तर अंग चोरून जावं लागायचं. एका सकाळी नळ आला म्हणून मी तिला उठवायला खाली गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. पलंगावर चादर अंथरलेली, तिला एक सुरकुती नाही. आणि पलंग आणि भिंत यांच्यामध्ये जी पट्टी उरली होती तिथं सतरंजीवर सोनिया झोपली होती.

"वर का नाही झोपत?" मी विचारलं.

"झोपून बघितलं," ती कळशी उचलत म्हणाली. "कूस बदलली की हात पलीकडं जातो."

शेवटी तिनं पलंग विकायचं ठरवलं. मला गुलमंडीत पडद्याचं कापड घ्यायचं होतं, म्हणून आम्ही दोघी बरोबरच गेलो. कापड घेऊन झाल्यावर बाजाराच्या मागं, जुनं लाकडी सामान विकतात तिकडं वळलो. तिथल्या शफीभाईंचं दुकान म्हणजे पुढं पत्र्याचं छप्पर आणि मागं मोठं अंगण. त्या वर्षी ते अंगण भरून वाहत होतं. भिंतीला टेकवून कपाटं, दिवाण, पाळणे, आणि पलंग तर किती. काहींवर पोरांनी चिकटवलेली चित्रं तशीच होती. एका कपाटाच्या आरशाच्या कडेला टिकल्या लावलेल्या होत्या, निरनिराळ्या रंगांच्या.

"इस साल गाँव के गाँव खाली हो रे," शफीभाई म्हणाले. "सब येइच लाते. आपका क्या है?"

"पलंग. लिंबाचा."

"नीम का? अच्छा है. कीडा नै लगता. शादी के सीजन में जल्दी जाता."

सोनिया त्या टिकल्यांकडं बघत होती. तिनं विचारलं, "घेणाऱ्याला कळतं का कुणाचा होता ते?"

"कायकू बोलेंगे हम? पालिश मारे की नवा."

मला वाटलं आता व्यवहाराचं बोलणं होईल. पण ती उभ्या करून ठेवलेल्या पलंगांच्या रांगेवरून एक फेरी मारून आली आणि म्हणाली, "भाई, पलंगाचं टेबल होतं का?"

"होता ना. लकडीच है. कारीगर कर देगा."

"कारागीर नको. मी करते. तुम्ही मला फक्त दाखवा, आणि इथं बसू द्या."

शफीभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी काय सांगणार? मलाही ते आत्ताच कळत होतं.

"आपकू आता?"

"नाही येत."

ते हसले नाहीत. अंगणाच्या कोपऱ्यात बदामाच्या झाडाखाली एक जुनं कामाचं बाक होतं. त्याच्याकडं हात करून म्हणाले, "वहाँ बैठो. उंगली सँभाल के."

तेव्हापासून प्रत्येक सुट्टीला सोनिया शफीभाईंकडं जायला लागली. पलंग सुटा करून टेम्पोनं तिकडं नेला. गल्लीत बायकांना वाटलं, विकला. तिनं कुणाची समजूत दुरुस्त केली नाही. मी दोनदा डबा घेऊन गेले होते. पहिल्यांदा गेले तेव्हा ती करवत चालवत होती आणि करवत सारखी अडकत होती. तळहाताला फोड आलेले, केसांत भुसा. शफीभाई लांबून बघायचे, अगदीच चुकलं तर येऊन तिच्या कोपराची दिशा बदलून द्यायचे आणि परत गिऱ्हाइकाकडं जायचे. सांधे त्यांच्या कारागिरानंच करून दिले, ते तिला जमण्यासारखं नव्हतं. पण कापणं, तासणं, घासणं तिनं केलं.

दुसऱ्यांदा गेले तो दिवस माझ्या लक्षात आहे. डोक्याकडची रुंद फळी आडवी ठेवली होती. टेबलाचा वरचा भाग तिचाच होणार होता. नावं वर दिसत होती. शफीभाई रंधा हातात घेऊन उभे होते.

"एकच निकालना है ना?" त्यांनी हळू विचारलं. "आपका नाम रैने दूँ?"

"दोन्ही काढायची," सोनिया म्हणाली. "आणा, मीच काढते."

तिनं रंधा घेतला. लाकूड कडक होतं. आधी वेलीची पानं गेली, मग अक्षरांच्या कडा. लाल रंगाच्या बारीक कुरळ्या साली तिच्या पायाशी पडत होत्या. कोरीव काम खोल होतं, ते जाईपर्यंत तिथं फळीला हलका खोलगटपणा आला. ती मध्ये एकदाही थांबली नाही. झाल्यावर मात्र तिथंच खाली बसली आणि मी नेलेल्या डब्यातली भाकरी ठेच्याबरोबर सगळी खाल्ली. एवढं खाताना मी तिला कधी बघितलं नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला टेबल घरी आलं. बाजूच्या लांब पट्ट्यांचं आणि तळाच्या फळ्यांचं एक बाकडं झालं होतं. खोलीत टेबल खिडकीला लावलं आणि खोली एकदम मोकळी वाटायला लागली. आत्याबाई खाली येऊन बघून गेल्या. "चांगलं झालंय," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पण एकटीला इवढं टेबल?"

मला वाटतं सोनियालाही ते त्याच दिवशी कळलं असणार. त्या संध्याकाळी तिनं ताट टेबलावर घेतलं. समोर भिंत, बाजूला रिकामं लाकूड. दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा शेगडीपाशी खाली बसून जेवायला लागली. मला म्हणाली, "कँटीनमध्ये लांब टेबल असतं ना वहिनी, तिथं माणसं असतात. मी टेबलच तेवढं केलं." आणि हसली. मला हसायला आलं नाही.

मग पाणी आणखी लांबलं. जे मिळेल त्यात भरून ठेवायची वेळ आली. टेबलावर कळश्या, डबे, पातेली चढली. त्याखाली बादल्या. पुढचे काही आठवडे ते टेबल म्हणजे पाण्याची मांडणीच होती. घासलेल्या लाकडावर कळश्यांचे गोल डाग पडले.

वैशाखात अप्पाराव आले. विहीर आटली होती, बैल चारा छावणीत होते, बागेला टँकरनं पाणी घालून घालून ते थकले होते आणि शेवटी निम्मी झाडं सोडून दिली होती. "तितं काय करता एकले, या की," असं लेकीनं फोनवर म्हटलं म्हणून ते आले. उंच, वाळलेला माणूस. हातातली पिशवी खाली ठेवून त्यांनी खोलीभर नजर फिरवली. मी चहा घेऊन गेले होते, म्हणून मला ते ऐकायला मिळालं.

"नानासायेब म्हनले पलंग आणून दिला. कुठाय?"

सोनिया शेगडीकडं तोंड करून म्हणाली, "हाच की अप्पा."

अप्पारावांनी टेबलाकडं बघितलं. जवळ गेले. दोन कळश्यांच्या मधून हात घालून फळी चाचपली. खोलगट भागावर त्यांची बोटं थांबली.

"हितं नावं व्हती."

"व्हय."

"दोनी काढली?"

"दोनी."

"तुजं तरी ठिवायचं."

चहा निवला तरी कुणी प्यायलं नाही. मी कप तिथंच ठेवून वर आले.

अप्पाराव पेरणीच्या दिवसांपर्यंत राहिले. गल्लीत त्यांच्या ओळखीचं कुणी नव्हतं. सकाळी लेक कामावर गेली की ओट्यावर बसायचे, येणारे-जाणारे टँकर बघायचे. एखाद्या गवंड्याला विचारायचे, "किती मजले घेणार?" संध्याकाळी दोघं खालीच जेवायला बसत, टेबलाकडं पाठ करून. बोलणं फारसं नसायचं. एकदा मात्र दुपारी मी खाली गेले तर त्यांनी सगळी भांडी टेबलावरून उतरवून ओळीनं भिंतीशी मांडली होती आणि धोतराच्या सोग्यानं फळी पुसत होते.

"काय करताय अप्पा?"

"लाकडाला पाणी चांगलं नसतं," ते म्हणाले. "पोरीला कळत नाय."

नंतर आमच्याकडून गोडेतेलाची वाटी मागून नेली आणि बोळ्यानं सगळ्या टेबलाला तेल लावलं. डाग पूर्ण गेले नाहीत, पण लाकूड गडद झालं. संध्याकाळी सोनिया आली. दोघांत काय बोलणं झालं मला माहीत नाही. टेबलावर जेवले मात्र ते नाहीतच, गावी जाईपर्यंत नाही. ते गेल्यावर तिनं त्यांची घोंगडी घडी करून पेटीवर ठेवली आणि ताट घेऊन बाकड्यावर बसली. तेव्हापासून ती तिथंच जेवते.

सुट्टीला शफीभाईंकडं जाणं तिनं सोडलं नाही. मोडक्या पाळण्याच्या गजांचं कपडे वाळवायचं स्टँड केलं, जुन्या कपाटाच्या दाराचं मसाल्याच्या बरण्यांचं फडताळ केलं. सगळं स्वतःच्या खोलीसाठी. गल्लीतल्या एक-दोघींनी विचारलं, आम्हाला करून देतेस का? ती म्हणायची, "मला एवढं चांगलं येत नाही." खरं तर येत होतं. पण लोकांसाठी करायला लागलं की लोकांशी बोलायला लागतं, असं ती मला म्हणाली.

पंधरा साली पुन्हा पाऊस रुसला. या खेपेला बाग राहिली नाही. अप्पारावांनी ती सगळी तोडून टाकली. त्यानंतर थोड्या दिवसांनी त्यांचा फोन आला. फोनवर ते आधीच कमी बोलायचे, त्या दिवशी बराच वेळ पावसापाण्याचंच चाललं होतं. मग म्हणाले, "ते तू बसतीस ना... तसलं एक होईल का?"

"बाकडं?"

"व्हय. बागेतल्या खोलीचं दार काढलंय मी. बाग नाय, तर खोलीला दार कशाला. चांगलं सागाचं हाय. गावातल्या धोंडिबाच्या गाडीनं धाडतो."

दार आलं. सोनियानं चार-पाच सुट्ट्या त्यावर घालवल्या. कडीच्या जागेचं भोक तिनं बुजवलं नाही, ते दार उघडायला अप्पांचा हात रोज तिथंच लागायचा म्हणे. बाकडं घेऊन ती स्वतः गावी गेली. परत आल्यावर तिनं मला जे सांगितलं ते असं: ओसरीच्या बाहेर, बाग होती त्या बाजूला तोंड करून त्यांनी बाकडं ठेवलं. दोघं बसले. समोर नुसती खुंटं. अप्पाराव बाकड्यावरून हात फिरवत म्हणाले, "लांब झालंय जरा. अजून दोघं-तिघं बसतील."

"बसू द्या की."

"कोन बसतंय," म्हातारा म्हणाला. मग दोघं अंधार पडेपर्यंत तसेच बसून राहिले. ती म्हणाली, फार बरं वाटलं वहिनी. का ते नाही सांगता येणार.

दोन हिवाळ्यांनंतर अप्पाराव गेले. दुखणं असं काही नव्हतं, झोपेतच गेले. मी आणि माझे मालक मातीला गेलो होतो. गोतावळा मोठा, माणसं येत होती, जात होती. ते बाकडं पूर्ण वेळ माणसांनी भरलेलं होतं. सोनिया घरात बायकांमध्ये होती. पुढं शेत भावाकडं गेलं, घर बंद झालं. बाकडं कुणी नेलं की तिथंच आहे, तिनं विचारलं नाही.

आमचं घरही राहिलं नाही. आत्याबाई गेल्यावर आम्ही ते बिल्डरला दिलं, तिथं आता सात मजली इमारत आहे आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर असतो. सोनियानं तेव्हाच बायपासच्या पलीकडं, शहरातल्याच सातारा परिसरात एक लहानसा फ्लॅट घेतला. लिफ्टमध्ये टेबल बसेना, तेव्हा तिनं जिन्यातच बसून त्याचे पाय सोडवले, एकेक भाग वर नेला आणि परत जोडली. हमाल नुसते बघत उभे होते.

मी वर्षातून एकदा-दोनदा जाते. गेल्या महिन्यात गेले होते. आता ती पंचेचाळिशी ओलांडलेली, चष्मा लागलेला. कंपनीत सुपरवायझर झालीय. शफीभाईंनी दुकान मुलाच्या हाती दिलंय, त्यानं अंगणात गाळे बांधले, म्हणून हत्यारं तिनं घरी आणलीत. गॅलरीत शिलाई मशिनचं लाकडी टेबल उलटं पडलं होतं, त्याचं काय होणार असं मी विचारलं. "बघते अजून," ती म्हणाली. चहा तिनं टेबलावर दिला. खिडकीतून बायपासवरचे ट्रक दिसत होते आणि त्यापलीकडं उजाड डोंगर.

"कंटाळा येत नाही का गं एकटीला?" मी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं.

ती कपाच्या तळाशी उरलेला चहा फिरवत राहिली. "येतो की," ती म्हणाली. "रविवारी दुपारी येतो. सणाला येतो. मग काहीतरी तासायला घेते." आणि मग, "आजचा दिवस राहा की वहिनी. भाकरी टाकते."

मला राहता आलं नाही, घरी पाहुणे यायचे होते. ती दारापर्यंत आली, चपला घालेपर्यंत उभी राहिली. मी एक जिना उतरले असेन, तेवढ्यात वरून रंध्याचा आवाज सुरू झाला.